पट्टीवरची तारीख

तिला पाणाडी म्हणत. पाणाड्या म्हणजे जमिनीखाली पाणी कुठे लागेल ते सांगणारा माणूस. बाईला तो शब्द कसा लावायचा यावर कुणी डोकं खाजवत बसलं नाही. एका डॉक्टरने एकदा वैतागून हाक मारली, "अरे, त्या पाणाडीला बोलवा, मला शीर सापडत नाही," आणि नाव चिकटलं. तो डॉक्टर पुढे बदलून गेला. नाव राहिलं.

ती बायकांच्या वॉर्डात सिस्टर होती. दुसरा मजला, तीस खाटा, मधोमध सिस्टरांचं टेबल. सव्वीस वर्षं तिने त्या टेबलाभोवती चकरा मारल्या. उंची बेताची, आवाज मोठा, बुटांच्या टाचा नेहमी एका बाजूने झिजलेल्या.

शीर डोळ्यांनी शोधायची नसते, असं ती नव्या मुलींना सांगायची. दिसते ती फसवते, बोटाला लागते ती खरी. दाबली की उसळी मारते ती शीर. जी मारत नाही तिच्या वाटेला जायचं नाही. ती दंडाला रबरी पट्टा बांधायची, दोन बोटं हातावर ठेवायची आणि खिडकीबाहेर बघत बसायची. पेशंटला वाटायचं, बाईचं लक्ष कुठे आहे? तेवढ्यात काम झालेलं असायचं.

मुलांच्या वॉर्डातून तिला बोलावणं यायचं. अपघात विभागातून यायचं. म्हाताऱ्या, सुकलेल्या, सतरा ठिकाणी टोचून निळ्या झालेल्या हातांवर ती पहिल्या फटक्यात शीर धरायची. तिला त्याचा अभिमान होता. तो तिने कधी लपवला नाही.

सुई फक्त वाट करून देते. ती लगेच बाहेर येते आणि आत राहते ती मऊ प्लास्टिकची बारीक नळी, कॅन्युला. पेशंट मात्र तिला सुईच म्हणतात आणि आत सुई आहे या धास्तीने हात लाकडासारखा धरून बसतात. नळीवर चिकटपट्टी लावायची आणि पट्टीवर पेनाने तारीख टाकायची. तीन दिवस झाले की नळी काढायची, लागली तर दुसरीकडे नवी घालायची. हा त्या वॉर्डाचा नियम होता. कारण शिरेला नळी आवडत नाही. डोळ्यात कुसळ गेल्यावर डोळा चिडतो, तशी शीर चिडते. आधी लाल होते, मग दुखते, मग सुजून दोरीसारखी कडक होते. वेळेवर नळी काढली तर आठवडाभरात शीर सारं विसरते. उशीर झाला तर विसरत नाही.

पण पाणाडीने घातलेली नळी काढायला कुणी धजत नसे. "पाणाडीची शीर आहे बाई, हात लावू नकोस, परत मिळायची नाही." असं करत करत तिसरा दिवस चौथ्यावर जायचा. बहुतेक वेळा काही होत नसे. आणि काही होत नाही, याचीच माणसाला सवय लागते.

आणखी एक सवय होती. अंग पुसताना पट्टी भिजायची, कडेने सुटायची. मग नवी पट्टी लावायची आणि तिच्यावर त्या दिवसाची तारीख टाकायची. पट्टी आजची, तारीख आजची. नळी कधीची, ही माहिती जुन्या पट्टीबरोबर कचऱ्याच्या लाल पिशवीत जायची. साऱ्या वॉर्डात असंच चालायचं. कुणाला त्यात वावगं दिसलं नव्हतं.

तिची मोठी जाऊ रफूचं काम करायची. लाँड्रीच्या दुकानात, काचेच्या मागे, तिचं एक टेबल होतं. कोटाला सिगरेटने भोक पडलेलं असायचं, कुणाची गरम पँट खिळ्याला अडकून फाटलेली असायची. जाऊ त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून धागे उपसायची आणि भोकावर उभे-आडवे विणत जायची. गिऱ्हाईक कोट घेऊन उजेडात जायचं, उलटसुलट करायचं आणि विचारायचं, "काकू, चुकून दुसऱ्याचा तर दिला नाहीत ना?" यापलीकडची शाबासकी जावेला नको होती.

दोघी एकाच जिन्याच्या. जाऊ वर राहायची, पाणाडी खाली. त्यांचं फार सख्य होतं असं म्हणता येणार नाही. भांडण होतं असंही नाही. जिन्यात भेट झाली की एकमेकींना एकेक चिमटा काढल्याशिवाय त्या पुढे जात नसत, एवढं खरं.

"निघाल्या आमच्या डॉक्टरीणबाई."

"वहिनी, मी सिस्टर आहे."

"तेच ते. कापायचं नाही, नुसतं टोचायचं."

"तुम्ही पण दिवसभर टोचताच की."

"माझं गिऱ्हाईक ओरडत नाही."

थोरले दीर गेले तेव्हा जावेचा मुलगा नववीत होता. तिने रफूवर घर चालवलं, त्याला शिकवलं. तो आता लांब होता आणि त्याचं तो बघत होता. जाऊ एकटी होती. हात गेला तर काय, हे ती कधी मोठ्याने बोलली नाही. पण भाजी चिरताना, दार लोटताना, ती डावा हात असा जपायची की बघणाऱ्याला कळावं. जाऊ डावखुरी होती.

एका सोमवारी तिला पाणाडीच्या वॉर्डात आणलं. तीन दिवस अंगात ताप घेऊन ती कामावर गेली होती. चौथ्या दिवशी टेबलावरच कलंडली. मूत्रपिंडाला इन्फेक्शन झालं होतं. दहा दिवस शिरेतून औषध द्यायचं, दिवसातून तीनदा, असं डॉक्टरने लिहिलं. खाट मिळाली चौदा नंबरची, खिडकीजवळची.

पाणाडी ट्रे घेऊन आली.

"डाव्या हाताला शिवायचं नाही," जाऊ म्हणाली. एकशेतीन ताप होता, पण हे तिने स्वच्छ सांगितलं.

"माहितीये, वहिनी."

"नुसतं माहितीये नको."

"अहो, साऱ्या जगाला डाव्या हातावर टोचतात, जेवायला उजवा मोकळा राहावा म्हणून. तुमचंच सगळं उलटं. मी विसरेन होय?"

उजवा हात तिने हातात घेतला. आजारात शिरा घर सोडून जातात. कोपराच्या आत रक्त काढून काढून निळं झालं होतं. तळहाताच्या मागे शिरा होत्या, पण केसासारख्या. पाणाडी खिडकीबाहेर बघत राहिली. बऱ्याच वेळाने मनगटाच्या जरा वर, अंगठ्याच्या बाजूला, बोटाला काहीतरी लागलं.

"झालं?" जावेने विचारलं.

"झालं."

"कळलंच नाही."

"चांगलं काम कळत नाही. तुम्हीच म्हणता ना?"

जाऊ तापातही हसली. पाणाडीने पट्टी लावली, सोमवारची तारीख टाकली. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला जाऊ म्हणाली, "धाकटी जाऊ आहे माझी. तोंड वाईट आहे, हात चांगला आहे."

औषध लागू पडलं. बुधवारी ताप उतरला. जाऊ उठून बसली आणि तिने वॉर्डातल्या पडद्यांना नावं ठेवायला सुरुवात केली. शिवण वाकडी आहे, दोरा भलत्याच रंगाचा आहे, हे शिवणाऱ्याला इथेच दाखल करा. पाणाडीला बरं वाटलं. माणूस नावं ठेवायला लागलं की समजावं, ते बरं होतंय.

गुरुवारी तीन दिवस भरले.

पाणाडीने उजवा हात पुन्हा खालपासून वरपर्यंत चाचपला. दुसरी शीर लागली नाही. मग तिची नजर डाव्या हातावर गेली. तिथे एक शीर होती. सरळ, भरलेली, मऊ. ती आंधळ्यालाही सापडली असती. जावेने तिची नजर पाहिली आणि डावा हात चादरीखाली घेतला.

"तिकडे काय बघतेस?"

"बघायचंही नाही का?"

"ही चालू आहे ना? दुखत नाही, सुजली नाही. मग चालत्या गाड्याला खीळ कशाला घालतेस?"

"तीन दिवस झाले, वहिनी. नियम आहे."

"नियम कुणासाठी? माझ्यासाठी ना? मग मी सांगते, राहू दे."

पाणाडीने पट्टीवरून बोट फिरवलं. खाली सगळं मऊ होतं. दुसरी कुणी पेशंट असती तर तिने मिनिटात नळी काढली असती. की नसती? पुढे तिने स्वतःला हेही विचारलं. त्या गुरुवारी विचारलं नाही. "बरं, उद्या बघू," म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे गेली.

शुक्रवारी सकाळी अंग पुसताना पट्टी भिजली. पाणाडीने ती काढली. नळी आत शिरते तिथली कातडी किंचित गुलाबी होती. पट्टी सोलून काढल्यावर कातडी गुलाबी होतेच, असं तिने मनाशी म्हटलं. नवी पट्टी लावली. खिशातलं पेन काढलं. शुक्रवारची तारीख टाकली.

दोन वाजता पाळी बदलली. टेबलाभोवती उभं राहून एका पाळीने दुसरीला निरोप द्यायचा असतो, खाटेमागून खाट. पाणाडीने भराभर सांगितलं. "चौदा नंबर. मूत्रपिंडाचं इन्फेक्शन. ताप उतरलाय. औषधाचा पाचवा दिवस. सुई चालू आहे."

सुई सोमवारची आहे, हे ती बोलली नाही.

बोलली असती तर दुपारच्या सिस्टरने ती काढली असती. काढली असती तर डाव्या हाताला घातली असती. हे तिला माहीत होतं. शनिवार-रविवार तिची सुट्टी होती, मुलीला कॉलेजच्या वसतिगृहात सोडायला परगावी जायचं होतं. सामान बांधून दाराशी ठेवलेलं होतं. सोमवारी आल्यावर आपणच बघू, असं तिने ठरवलं. आपल्या हातची शीर, आपण बघू.

शनिवारी जावेचा उजवा हात ठणकायला लागला. तिने कुणाला सांगितलं नाही. दुखतंय म्हटलं तर नळी काढतील, आणि काढली तर डाव्याला घालतील. हाच हिशेब पाणाडीने मांडला होता. दोघी जावांचं आयुष्यात एवढं एकमत पूर्वी कधी झालं नव्हतं.

रविवारी नवी सिस्टर होती. सहा महिन्यांपूर्वी लागलेली, कामाला चटपटीत, बोलायला गोड. तिने औषध सोडायला सुरुवात केली तशी जावेने पायाची बोटं आवळली.

"दुखतंय का काकू?"

"नाही गं. तुझे हात गार आहेत."

नव्या सिस्टरने तरी हात उचलून पाहिला. पट्टी पांढरी, जाड. खालचं काही दिसत नव्हतं. तारीख वाचली, शुक्रवारची.

"परवाचीच तर आहे," ती म्हणाली. औषध संपवलं आणि पंधरा नंबरकडे गेली. अजून पंधरा खाटा राहिल्या होत्या.

सोमवारी सकाळी पाणाडी बस-स्टॉपवरून थेट आली. गणवेश चढवला आणि टेबलाशी न थांबता चौदा नंबरकडे गेली.

"काय वहिनी, पडदे उसवले की नाही अजून?"

जाऊ दोन चादरी घेऊन कुडकुडत होती. दात वाजत होते. पाणाडीने उजवा हात चादरीबाहेर काढला आणि बोटं ठेवली. मनगटापासून कोपरापर्यंत एक दोरी लागली. कडक, गरम. तिने दाबून बघितलं. उसळी नव्हती. तिने पट्टी काढली, नळी ओढून घेतली, आणि त्या बारीक भोकातून पुवाचा एक थेंब वर आला.

सव्वीस वर्षांत तिने असे हात पाहिले होते. दुसऱ्यांच्या हातचे.

पुढचं सगळं झपाट्याने झालं. रक्त तपासायला गेलं. डॉक्टर आला, सर्जन आला. दुपारी बाराला जावेला ऑपरेशनला नेलं. मनगटाच्या वर कातडी उघडून त्यांनी पू काढला आणि दोन बोटं लांबीची सडलेली शीर कापून टाकली. सर्जन हात धूत धूत म्हणाला, "दोन दिवस आधी काढली असती तर शेकण्यावर भागलं असतं." तो कुणाला उद्देशून म्हणाला नाही. नळ बंद करून गेला.

मेट्रनच्या खोलीत नवी सिस्टर उभी होती. नाक लाल झालं होतं.

"शुक्रवारची होती, मॅडम. मी स्वतः वाचलं."

"शुक्रवारची नळी रविवारपर्यंत एवढी बिघडते?"

"मला काय माहीत. तारीख होती."

"मग पट्टी कुठे आहे?"

पट्टी लाल पिशवीत गेली होती आणि पिशवी गाडीवर. नळी कधी घातली याची दुसरीकडे कुठेच नोंद नव्हती. पट्टी हीच नोंद असायची.

पाणाडी दार न वाजवता आत आली. "सोमवारची होती," ती म्हणाली. "मी घातली. शुक्रवारी पट्टी मी बदलली, तारीख मी टाकली. निरोपात मी सांगितलं नाही. हिचा काही संबंध नाही."

मेट्रनने पेन खाली ठेवलं. दोघी एकाच वर्षी नोकरीला लागल्या होत्या. तिने नव्या सिस्टरला बाहेर पाठवलं.

"अगं, नव्या पट्टीवर तारीख सगळ्याच टाकतात. मीही टाकलीय. सवयीने झालं, असं म्हण."

"तारीख सवयीने पडली. निरोपात मी गप्प बसले, ती सवय नव्हती."

"मुद्दाम गप्प बसलीस, असं लिहू? पोळलेल्या हाताने विस्तव कशाला उचलतेस?"

"लिहा. नाहीतर त्या पोरीच्या नावावर जाईल."

मेट्रनने लिहिलं. आठ दिवसांनी पाणाडीला समज देणारं पत्र आलं. सव्वीस वर्षांतलं पहिलं. तिने ते कपाटात साड्यांखाली ठेवलं नाही की फाडलं नाही. टेबलाच्या खणात, पेनांशेजारी, ते पडून असायचं. ज्याला वाचायचं असेल त्याने वाचावं.

पण मेट्रनला सांगणं सोपं होतं. मंगळवारी जाऊ शुद्धीवर, जागेवर आली होती. उजवा हात बँडेजात, उशीवर उंच ठेवलेला. औषध तर चालू ठेवायलाच हवं होतं. नळी शेवटी डाव्या हाताला गेली. ती नव्या सिस्टरने घातली, दुसऱ्या प्रयत्नात. पाणाडीने घातली नाही आणि जावेने ते लक्षात घेतलं नाही, कारण जाऊ संतापली होती.

"ती पोरगी. हात गार म्हटलं तर खरं मानून गेली. हिला कळायला नको? मी तक्रार करणार आहे. तू लिहून दे, तुझं अक्षर चांगलं आहे."

पाणाडीने स्टूल ओढलं आणि बसली.

"लिहून देते. पण नाव माझं घालावं लागेल."

मग तिने सांगितलं. गुरुवार, शुक्रवार, पट्टी, तारीख, निरोप. सगळं ओळीने, जसं टेबलाशी उभं राहून सांगतात तसं. जाऊ छताकडे बघत होती.

"म्हणजे तुला माहीत होतं."

"हो."

"मीच म्हटलं होतं, काढू नको."

"हो."

"आणि मी म्हटलं म्हणून तू ऐकलंस?" जावेने मान वळवली. "मला काय कळतं त्यातलं? मी घाबरलेली बाई. मी दहा गोष्टी म्हणेन. सिस्टर कोण होती तिथे, तू की मी?"

पाणाडी उठली. तिने स्टूल जागेवर ठेवलं.

त्यानंतर जावेने अबोला धरला. पाणाडी खाटेपाशी उभी असायची आणि जाऊ वॉर्डातल्या मावशींना हाक मारायची. "मावशी, सिस्टरना सांगा, उशी खाली सरकलीय." मावशी दोघींकडे आळीपाळीने बघायच्या. "अहो, त्या इथेच उभ्या आहेत की." "असतील. तुम्ही सांगा." चार दिवसांनी मावशी म्हणाल्या, "माझा पगार झाडलोट करायचा आहे, टपाल वाटायचा नाही." त्यावरही जाऊ हसली नाही.

डाव्या हातातली नळी तिसऱ्या दिवशी निघाली. ज्या हातासाठी एवढं सगळं झालं, त्याच्यावर ओरखडाही उठला नव्हता.

दोन महिन्यांनी जाऊ पुन्हा दुकानातल्या टेबलाशी बसली. डाव्या हाताने सुईत धागा ओवला. एक करडा कोट होता, बाहीला मुगाएवढं भोक. तिने कापड उजव्या हाताच्या बोटांवर घेतलं, अंगठ्याने दाबलं आणि विणायला लागली. सातव्या धाग्याला कापड सरकलं. तिने पुन्हा धरलं. पुन्हा सरकलं. अंगठा वळत होता, पण त्यात जोर नव्हता. दहा मिनिटांत मनगट भरून आलं.

रफू आपला डावा हात करतो, असं तिला आयुष्यभर वाटत होतं. ते खरं नव्हतं. सुई धरायला दोन बोटं पुरतात. कापड धरायला अख्खा हात लागतो. ना सैल ना घट्ट, एका ताणावर, तासन्‌तास. नाहीतर वीण गोळा होते, भोकाच्या जागी सुरकुती उठते. हे काम चाळीस वर्षं उजवा हात करत आला होता. कुणालाच ते दिसलं नव्हतं. तिलासुद्धा.

तिने लाकडी कडीत कापड ताणून पाहिलं. कडीचा वळ उठला. तिने टेबलाला कापड टाचून पाहिलं. वीण दगडासारखी झाली. त्या आठवड्यात तिने तीन कोट न करता परत केले. लाँड्रीवाल्याने तिच्या टेबलावर दुमडलेल्या चादरींचा गठ्ठा ठेवला. जागा रिकामी दिसली की माणूस तिथे काहीतरी ठेवतोच.

त्या संध्याकाळी जाऊ जिना उतरून खाली आली. पाणाडी कपडे वाळत घालत होती. दोन महिन्यांत दोघींमध्ये दुधाचं पातेलं आणि दाराची किल्ली यांखेरीज शब्द झाले नव्हते. जावेने उजवा हात पुढे केला.

"बघ काय ते."

पाणाडीने ओले हात पदराला पुसले. व्रणावरून बोटं फिरवली, अंगठा मागे-पुढे केला.

"आतून चिकटलंय, वहिनी. व्यायामाने सुटेल थोडं."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं नाही सुटणार."

"थोडं खोटं बोललीस तरी चालेल मला."

"नाही बोलणार."

जाऊ तिथेच पायरीवर बसली. रडली नाही. कपड्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तो टॉवेल उलटा घातलायस."

वॉर्डात तोवर पाणाडीने एक नवीन खोड लावून घेतली होती. सकाळी डॉक्टरांबरोबर फिरताना ती प्रत्येक खाटेपाशी थांबायची. "हिला शिरेतून औषध चालू आहे?" "नाही, गोळ्या सुरू केल्यात." "मग ही नळी कशाला?" "असू द्या सिस्टर, लागली तर." "लागली तर मी घालीन." आणि तिथल्या तिथे काढून टाकायची. नळी कुणी घातली हे ती विचारत नसे. स्वतःची तर आधी काढायची. पट्ट्या तिने आतलं दिसेल अशा मागवून घेतल्या. पट्टीवर दोन ओळी आल्या. वर नळी घातल्याची तारीख, खाली पट्टी बदलल्याची. वरची ओळ कुणी विसरलं तर ती तोंडाचा पट्टा सोडायची, आणि मग खणातलं पत्र काढून समोर ठेवायची. नव्या मुलींना पट्ट्यापेक्षा त्या पत्राची जास्त धास्ती होती.

"पाणाडी आता विहिरी बुजवत सुटलीय," डॉक्टरांच्या खोलीत कुणीतरी म्हणालं. तिच्या कानावर आलं.

अजूनही मुलांच्या वॉर्डातून बोलावणं येतं. ती जाते. पट्टा बांधते, दोन बोटं ठेवते. आता मात्र निघताना तिथल्या सिस्टरला सांगते, "परवा दुपारी फोन करीन. निघाली का विचारायला." आणि करते.

पाणाडीची साप्ताहिक सुट्टी आता गुरुवारी असते. एका गुरुवारी ती लाँड्रीच्या दुकानात गेली. चादरींचा गठ्ठा उचलून खाली ठेवला आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला स्टूल घेऊन बसली. जावेने चष्म्यावरून पाहिलं.

"काय काम काढलंस?"

"कापड धरते. तुम्ही विणा."

"तू? तुला टाका घालता येत नाही. बटण लावलंस तर काजं शोधावी लागतात."

"टाका घालायचा नाहीये. धरायचंच आहे ना?"

जावेने टेबलाखालून एक पातळ, काळी शाल काढली. दोन महिने ती तशीच पडली होती. हातात धरवत नव्हती म्हणून, आणि परत द्यायचा जीव होत नव्हता म्हणून. मधोमध भोक होतं.

"इथे बोटं. हां. अंगठा वर. ओढू नकोस."

"ओढत नाहीये."

"ओढतेयस. धागे रडतायत बघ. सैल कर. अगं, एवढं नाही! मेलेला मासा धरल्यासारखं काय धरतेस?"

पाणाडीने डोळे मिटले. बोटांखाली कापडाचा ताण तिला हळूहळू कळायला लागला. उभे धागे वेगळे, आडवे वेगळे. जावेची सुई एक धागा वर, एक खाली करत आली की ताण किंचित सरकायचा, आणि तो तेवढाच भरून काढायचा. पहिल्या गुरुवारी काम दोनदा उसवावं लागलं. दुसऱ्या गुरुवारी एकदा. जाड कोट जाऊ आता एकटीने करते, थांबत थांबत, एका दिवसाचं काम तीन दिवसांत. पातळ काही आलं की गिऱ्हाइकाला सांगते, "गुरुवारनंतर या."

परवाच्या गुरुवारी एका म्हाताऱ्या बाईंचा रेशमी ब्लाउज होता. कापड पाण्यासारखं. दुकानात वाफेच्या इस्त्रीचा आवाज होता. पाणाडीच्या मानेला रग लागली होती.

"वहिनी."

"काय?"

"नाक खाजतंय."

"खाजू दे. अजून अठ्ठावीस धागे आहेत."